राजाची उडी

चंपतरावांचा ऋषिकेश डेंग्यूनं गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात तो सीताबर्डीच्या बुद्धिबळ स्पर्धेत एक डाव हरला होता. आयोजकांनी तो डाव इंटरनेटवर टाकलेला. पोरगा गेला, मेला डाव मात्र तिथंच राहिला.

रोज दिवेलागणीला चंपतराव मोबाइलवर बघून तो पटावर मांडत. सुरुवात किंग्ज गॅम्बिटची: दुसऱ्याच खेळीला उंटापुढचं प्यादं फुकट देऊन टाकायचं, आपल्याच राजापुढचा आडोसा मोडायचा आणि हल्ल्याला धावायचं. पोराचा स्वभावच तसला, उतावळा! मग ती खेळी यायची. ऋषिकेशनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. त्यांच्या गावी, खाप्याच्या पारावर राजाला शह बसायच्या आधी अशी एक उडी मिळते. स्पर्धेत मिळत नाही. पंचांनी उडी रद्द केली. पण हात लागला म्हणून राजाच हलवावा लागला आणि डाव बुडाला.

ती उडी शिकवली होती चंपतरावांनीच. म्हणून ते त्या खेळीपाशी थांबत, राजा घरीच ठेवून वाट शोधत बसत. डाव वाचला तर पोरगं वाचेल, असं काहीतरी मनानं घेतलं होतं. खुळेपणा आहे हे त्यांनाही कळत होतं, पण पट काही उचलवत नव्हता.

एका संध्याकाळी पट तसाच मांडून ते गॅलरीत उभे असताना आतून आवाज आला. टक-टक. ऋषिकेश मोहरा ठेवताना असाच दोनदा आपटायचा, आई कितीही ओरडली तरी. ते आत धावले. राजा अडीच घरं उडून बसला होता.

पटाशी त्याची आई, सिंधूताई उभ्या होत्या, पदरानं डोळे पुसत.

"मीच ठेवला," त्या म्हणाल्या. "खाप्याच्या नियमानं सोडवला त्याले. अवो, किती दिवस पोराले तिथंच अडकवून ठेवता? जाऊ द्या न आता."

चंपतराव ढसाढसा रडले. मग म्हणाले, "पण त्याच्यासारखा आपटला काहून वं? जीवच गेला असता माहा."

"आपटला?" सिंधूताईंचा हात पदरातच थांबला. "मी त हळूच ठेवला."

मग चंपतरावांनी मोबाइल बंद केला आणि राजाच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"जाय बापू," ते म्हणाले. "तुही उडी बरोबर होती."