कपाट उभेच नेले

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे आणि मला माझ्याच वजनाची भीती वाटते. ही भीती काही माझ्याबरोबर जन्मली नव्हती.

एका अरुंद कारखान्यात पत्रे वाकवून, जोडून मला घडवले, राखाडी रंग दिला, दाराला आरसा बसवला. एका नवरीबरोबर मी तिच्या सासरी आले. नवरा वायरमन होता. दोन खोल्यांच्या त्या घरात पाहुण्यांची नजर आधी माझ्याकडे जायची. "कपाट मात्र दणकट आहे हो," असे कोणी म्हटले की वायरमनची छाती फुगायची. पुढे त्यांना मुलगी झाली. चणीने लहान, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. वर्षे गेली, माझ्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या, आरशावर डाग पडले, डोक्यावर अडगळ चढली. तरी माझ्या दाराला पोचा येऊ नये म्हणून वायरमन जपत असे.

मग तो कामाला होता तो कारखाना बंद पडला. दुसरे काम मिळाले ते थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला. सामान नेणाऱ्या कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. शेवटी माल उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक स्वस्तात ठरला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची जागा होती.

"आम्ही दोघी मागे सामानात बसतो," ती म्हणाली. "रेल्वेचं तिकीट तरी वाचेल."

बारकीला ती सहलच वाटली.

सामान चढवताना ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, कपाट आधी रिकामं करा. आणि आडवं टाका."

"आडवं टाकलं तर दारांना पोचे येतील हो. इतकी वर्षं जपलंय. उभंच राहू दे, मी बांधतो चांगलं."

खोकी कमी लागावीत म्हणून त्याने माझ्या वरच्या कप्प्यांत हत्यारे आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी कोंबली होती. कपडे वाळत घालायच्या दोरीने त्याने मला ट्रकच्या कड्यांना आवळले. माझ्यापुढे गादी पसरली. तिच्यावर मायलेकी बसल्या.

पहिल्याच वळणाला मी डगमगले. डोके जड आणि पाय हलके, अशी माझी गत. ट्रक कलला की मी पुढे झुके, दोरी मला मागे खेची, आणि माझ्याच पत्र्याची कड त्या दोरीला करवतीसारखी कापे. एक पीळ सुटला. मग दुसरा. मला सगळे कळत होते, पण ओरडायला तोंड नव्हते. बारकी मुटकुळे करून झोपली होती, डोके नेमके माझ्या पायाशी. तिच्या झबल्यांपासून गणवेशापर्यंत सारे मी पोटात सांभाळले होते.

दुपारी घाटाचा उतार लागला. माझी बिजागरी करकरली. ती मी वाजवली की रस्त्याने, हे मला आजही सांगता येत नाही. पण आईने वर पाहिले. दोरीचा एकच पीळ उरला होता.

"बारके, ऊठ. पलंगाच्या मागे जा."

"काय झालं?"

"आधी जा."

आईने दोन्ही तळवे माझ्या दाराला टेकवले. जणू ती मला पेलणारच होती. तेवढ्यात वळण आले, दोरी तुटली आणि मी कोसळले.

ट्रक करकचून थांबला. मागचे फळके उघडून कोणीतरी वर चढले.

"बारकी?" वायरमनने हाक मारली.

मी पालथे पडले होते. मला काही दिसत नव्हते. माझ्याखाली काहीतरी मऊ होते आणि ते काय आहे, हे मला कळत नव्हते. मित्रांनो, तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"इथे आहे मी, बाबा," पलंगामागून आवाज आला. "आईचा हात बघा."

मला उचलले तेव्हा दिसले, आईचे मनगट सुजून टम्म झाले होते. माझ्याखाली होती ती उशी. "पोचा येईल म्हणून मी..." वायरमन म्हणाला. ड्रायव्हरने माझे कप्पे रिकामे करायला घेतले.

पुढच्या गावात आईच्या हाताला प्लास्टर घातले. वायरमनने तारेची भेंडोळी विकली आणि दोघींना रेल्वेत बसवून दिले. मी उरलेला प्रवास आडवे पडून केला.

नव्या घरात वायरमनने मला लांब स्क्रूंनी भिंतीला जखडले आहे. माझे दार आता नीट लागत नाही. बारकी जवळ येते, पण आधी हात लांब करून मला ढकलून पाहते. मी हलले नाही, तरच दार उघडते. मला तिचा राग येत नाही. तिने असेच करावे.

मित्रांनो, घर हलवाल तेव्हा आम्हाला रिकामे करा, आडवे टाका, खुशाल पोचे येऊ द्या. पण आमच्यापुढे कोणाला झोपवू नका. आम्हालाही तुमचा लळा लागतो हो, पण तोल गेला की आम्हाला स्वतःला आवरता येत नाही.