डांबराखालचं झाकण

बेकरीसमोरचं मॅनहोलचं झाकण बोलतं, ही बातमी आमच्या वस्तीत वाऱ्यासारखी पसरली. रोज संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा उरेना. महाराज खुर्चीत बसून डोळे मिटायचे, "आत्म्या, आलास का?" असं विचारायचे, आणि ते जड लोखंडी झाकण थडथड उडायला लागायचं. गर्दी हात जोडायची.

आत्मा माझ्या दादाचा होता. महिन्यापूर्वी तुंबलेलं गटार मोकळं करायला तो त्याच मॅनहोलमध्ये उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून मेला. तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. खरं तर काहीच येत नाही. मी ड्रेनेज खात्यात तक्रारींचे फोन घेते, ते घेत राहिले.

या आत्म्याची एक खोड मला पहिल्याच दिवशी दिसली. त्याला 'हो' म्हणता यायचं, 'नाही' म्हणता यायचं नाही. त्यामुळे महाराज प्रश्न बेतून विचारायचे.

"बाळा, तू आपल्या मर्जीने उतरलास ना?" थडथड.

"ठेकेदाराचा काही दोष नव्हता ना?" थडथड.

"तुझ्या बायकोने चौकशीत हेच सांगितलं, तर तुझा जीव सुटेल ना?" थडथड.

दादा जिवंत असताना आपल्या या ठेकेदाराला उठता-बसता शिव्या घालायचा. मेल्यावर त्याला ठेकेदाराची इतकी काळजी कशी वाटू लागली, कोण जाणे.

दादाच्या मृत्यूच्या चौकशीतली वहिनीची साक्ष एका दिवसावर आली. ती सकाळी भाजी निवडत म्हणाली, "मी तसंच सांगून टाकणार आहे. त्यांचे हाल आता ऐकवत नाहीत."

"दादा तिथे नाहीये गं."

"मग झाकण कोण वाजवतं?"

कोण वाजवतं ते मला ठाऊक होतं. झाकण उडतंय, अशा तक्रारी मी कितीदा तरी घेतल्या आहेत. खालच्या वस्तीचं सांडपाणी पंपघरातून या गटारात ढकलतात. पंप चालू झाला की पाण्याच्या रेट्याने आतली हवा मिळेल तिथून बाहेर पडते. प्रश्न एवढाच होता, की रस्त्यावरचं हे एकच झाकण का उडतं. मी दादाच्या टोळीच्या मुकादमांकडे गेले.

"बाकीची डांबराखाली गेली," ते म्हणाले. "रस्ता नवा केला तेव्हा याच ठेकेदाराने वरूनच डांबर ओतलं."

"आणि उतरायच्या आधी पुढचं-मागचं झाकण उघडून हवा खेळू द्यायची, त्याचं काय?"

मुकादम चपलेशी चाळा करत म्हणाले, "तुझा दादा तेच म्हणत होता. ठेकेदार म्हणाला, खणत बसलात तर रस्ता अडेल. मग मीच म्हटलं, उतर."

त्यांचा राग यायला हवा होता. मी फक्त विचारलं, "पंपघर कोणाकडे आहे?"

"त्याच्याचकडे."

संध्याकाळी महाराजांनी डोळे मिटले. मागे उभ्या चेल्याने खिशातल्या मोबाइलवर बोट दाबलं, आणि थोड्या वेळाने झाकण थडथडू लागलं. तेव्हा आमचं ठरल्याप्रमाणे पलीकडे मुकादमांनी डांबरावर पहार मारायला सुरुवात केली. लोक वळून बघू लागले. डांबर फुटलं, खालचं झाकण निघालं आणि भपकन दुर्गंधी आली. बेकरीसमोरचं झाकण गप्प झालं.

"आत्मा रुसला!" महाराज म्हणाले. "कोणी पाप केलं हे?"

"पाप नाही, महाराज. हवेला दुसरी वाट मिळाली," मी म्हणाले. मुकादमांना खूण केली. त्यांनी झाकण परत बसवलं आणि ते दोघा गड्यांसह त्यावर उभे राहिले. आत्म्याचा रुसवा गेला. झाकण काढलं, पुन्हा गप्प. बसवलं, पुन्हा थडथड. गर्दीत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण वहिनी पुढे आली होती.

ती उडणाऱ्या झाकणापाशी बसली आणि घरात विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "अहो, तुम्ही जिवंत आहात ना?"

थडथड.

वहिनी पदराने हात पुसत उठली. महाराजांची खुर्ची रिकामी होती आणि चेलाही दिसत नव्हता.

आत्मा असतो की नसतो, यावर कोणी माझ्याशी वाद घालायला येऊ नये, मला तेवढी ताकद नाही. माझं म्हणणं साधं आहे. एखादी वस्तू आपोआप हलली, तर हात जोडण्याआधी तिच्याखाली काय आहे ते बघा. आणि मेलेला माणूस बोलू लागला, तर त्याच्या बोलण्याने कोणाचं भलं होतंय तेही बघा.

चौकशीत साहेबांनी वहिनीला विचारलं, शेजारचं झाकण उघडणं त्या दिवशी खरंच अवघड होतं का?

"काल माझ्यासमोर उघडलं," वहिनी म्हणाली. "बेकरीवाल्याने माझ्या हातात चहा दिला होता. तो निवायच्या आत उघडलं."