समजा, आप्पा गेले
कायदा आला आणि आप्पांची पंचाईत झाली. दवाखान्यांना ऑक्सिजनच्या टाक्या पुरवणाऱ्यांचं काम एक दिवसही बंद पडता कामा नये, मालक असो वा नसो. तसा सराव करून दाखवायचा, नाहीतर परवाना रद्द! आता आप्पांच्या धंद्यात मालक नसणं कसं जमायचं? गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या डोक्यात. धाकटी लेक इतकी वर्षं शेजारच्या टेबलाशी बसून होती, पण साधी गाडी कुठं धाडायची हेही तिला कधी ठरवू दिलं नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं हो!

तपासनीस बाई आल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि फर्मावलं, "समजा, मालक वारले."

"मी?" आप्पा दचकले.

"मयतानं बोलायचं नाही. बोललात की सराव फसला."

झालं! कमरेच्या किल्ल्या लेकीच्या हाती गेल्या आणि आप्पांची रवानगी कोपऱ्यातल्या खुर्चीत झाली. हमालांनी माना खाली घातल्या खऱ्या, पण खांदे गदागदा हलत होते. धाकटीलाही हसू आवरेना.

तेवढ्यात मोठ्या दवाखान्याचा फोन आला, टाक्या आत्ताच्या आत्ता हव्यात. पाठोपाठ ड्रायव्हरचा, गाडी वाटेत बंद पडलीय. आप्पा डोळ्यांनी, भुवयांनी, अगदी गुडघ्यांनीसुद्धा काहीबाही सांगू लागले. धाकटीनं त्यांच्याकडं पाठ केली आणि सरळ टकलूकाकांना फोन लावला.

टकलूकाका! आप्पांचे एकेकाळचे भागीदार, आता पलीकडच्या गल्लीतले हाडवैरी. नुसतं नाव काढलं तरी आप्पांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आप्पा ताडकन उठले.

"मयत, खाली बसा," बाई म्हणाल्या.

"काका, तुमची गाडी हवीय," धाकटी फोनवर म्हणाली.

"आप्पाला विचारलंस का?"

"आप्पा गेले." बाहेर गेले, असं म्हणायचं होतं बिचारीला, पण घाईत 'बाहेर' तेवढं राहून गेलं. पलीकडं फोन धाडकन पडल्याचा आवाज आला.

गाडी आली, तीही भरधाव. टाक्या चढल्या, गाडी दवाखान्याकडं सुटली, आणि मागं उरले एका पायात चप्पल घातलेले, ढसाढसा रडणारे टकलूकाका. "आता मी भांडू कुणाशी रे, आप्पा?" असा टाहो फोडत ते आत शिरले आणि खुर्चीकडं बघून थिजलेच.

"अरे मेल्या, तू जिवंत आहेस!"

आप्पा गप्प. ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. काका त्यांना गदागदा हलवताहेत, शिव्या देताहेत, मधेच मिठी मारताहेत. हमाल तर हसून हसून जमिनीवर बसले.

दवाखान्यातून फोन आला, टाक्या पोचल्या. बाईंनी कागदावर शिक्का मारला. "सराव संपला, मालक. बोला आता."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काकांचा हात हातात घट्ट धरून ते लेकीकडं वळले.

"बोलू का ग?"

"बोला की, आप्पा," धाकटी कशीबशी म्हणाली.