इंद्राणीचा कोर्स

बरकतपुऱ्याच्या प्रमोद कंधारकरांनी उभ्या आयुष्यात अँटिबायोटिकची गोळी पोटात जाऊ दिली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी उभ्या हैदराबादेत कुणापासून लपवलीही नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेला कोर्स ते इमानेइतबारे विकत घेत, कारण चिठ्ठीचा अपमान करणं सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभत नाही. मग गोळ्या कपाटात ठेवून ते हळदीचं दूध पीत आणि बरे होत. त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंनी लोणच्याच्या बरण्यांसाठी त्या कपाटातला एक कप्पा मागून पाहिला होता. मिळाला नाही.

पिशवीच्या दुधावर तर त्यांचा दातच होता. "जनावराला औषधं टोचून काढलेलं दूध ते," असं म्हणत त्यांनी आसपासची मराठी घरं गोळा करून मंडळ काढलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि मलकपेठेत मल्लेशच्या तबेल्यातली एक गाय मंडळाच्या नावानं दत्तक घेतली. तिचं नाव इंद्राणी ठेवलं. मल्लेश तिला आधी काय म्हणायचा ते कुणी विचारलं नाही. दूध धारोष्णच प्यायचं, उकळून त्याचा जीव घ्यायचा नाही, हा मंडळाचा नियम. पुण्याहून आयटीत आलेल्या आदित्यची बायको मानसी नुकतीच गरोदर होती. रोजचा पहिला पेला कंधारकर स्वतःच्या हातानं तिला देत, आणि असलं दूध पुण्यात मिळालं नसतं, हेही न चुकता ऐकवत. गाईपाशी चप्पल घालून जायचं नाही, हा आणखी एक नियम. शेणामुतातून ते खुशाल अनवाणी चालत. देवळात आल्यासारखं वाटतं, म्हणत.

तर या इंद्राणीची कास सुजली. दुधात गुठळ्या यायला लागल्या. मल्लेशनं गुरांचा डॉक्टर बोलावला. तो म्हणाला, आधी दूध तपासू, मग नेमकं औषध टोचू, आणि औषध संपल्यावरही काही दिवस हे दूध कुणी प्यायचं नाही. मंडळाची बैठक बसली. चिटणीस हणमंतराव, अख्खी हयात कोर्टात घालवलेले, म्हणाले, "आपल्या गाईलाही औषधं टोचायची, तर मग पिशवीनं काय घोडं मारलं होतं?" मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरला आभार मानून वाटेला लावण्यात आलं.

पण गाय कण्हत होती, आणि खोटं कशाला बोला, कंधारकरांचा तिच्यावर जीव होता. त्यांना कपाट आठवलं. टोचणं वेगळं आणि भरवणं वेगळं. घरच्या माणसाच्या हातून गुळातून गेलेली गोळी औषध कसली, तो तर घास. शिवाय चांगल्या गोळ्या वाया जात होत्या, आणि वाया जाणं या विषयावर मंडळातली पुण्याची आणि हैदराबादची घरं पहिल्यांदाच एका सुरात बोलली. प्रत्येकानं घरातली उरलीसुरली पाकिटं आणली. आदित्यनं सर्दीच्या वेळची उरलेली अर्धी बाटली आणली. गोळ्या कुटून पोळ्या लाटायचं काम अर्थातच अनुराधाबाईंकडे आलं.

"अहो, या माणसांच्या गोळ्या आहेत," त्या गूळपोळीत चुरा भरताना म्हणाल्या.

"मग ती काय परकी आहे? तू उगाच परेशान होऊ नको."

दोन दिवसांत सूज उतरली. मंडळानं पेढे वाटले. मल्लेशनं पेढा खाता खाता सांगितलं, "मैं बी एक सुई मार दिया था साब. भैंस की बची वी थी." पण त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. गाय बरी झाली म्हणून पोळ्या थांबल्या, सुई थांबली, आणि थोड्याच दिवसांनी कास पुन्हा सुजली. मग कपाटातली त्याहून कडक गोळी. पुन्हा उतार, पुन्हा पेढे, पुन्हा सूज. गुठळ्यांवर मंडळानं मलमलचं फडकं शोधून काढलं. गाळून प्यायचं. इंद्राणीचं पोट बिघडलं तेव्हा ती विषं बाहेर टाकते आहे असं ठरलं.

अशात कंधारकरांच्या नव्या बुटानं उजव्या अंगठ्याला फोड आणला. तो फुटला, तरी ते नेमानं अनवाणी तबेल्यात जात राहिले. अंगात थोडी साखर होतीच. त्यांनी हळद लावली. अंगठा हळदीखाली काळपट पडत गेला, लाली घोट्यापर्यंत चढली, ताप आला, आणि तेव्हा कुठे अनुराधाबाईंनी त्यांना न विचारता अश्विनीला फोन केला. अश्विनी शेजारच्यांची मुलगी, आता मोठ्या इस्पितळात सर्जन. तिनं त्यांना दाखल करून घेतलं आणि जखमेतला पू तपासायला पाठवला. तपासणी झाल्यावर ती खाटेच्या कडेला येऊन बसली.

"काका, आजवर अँटिबायोटिक्स किती घेतलीत?"

"एकही नाही," कंधारकर म्हणाले. तापातही त्यांची मान ताठ झाली.

"मग हे कसं? जखमेतल्या जंतूंवर एकही गोळी चालत नाहीये. अमॉक्सिसिलिन नाही, सेफिक्झिम नाही, सिप्रो नाही..."

"लिव्होफ्लॉक्सासिनही नसेल चालत," कंधारकर हळूच म्हणाले.

अश्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. शेवटी अनुराधाबाईच म्हणाल्या, "त्याच क्रमानं मी पोळ्या लाटल्या गं." आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

अश्विनीनं डोक्याला हात लावला. "काका, लेचेपेचे जंतू मेले आणि निगरगट्ट तेवढे तिच्या पोटात वाढले. तेच शेणात आले. कासेत आले ते दुधातून तुमच्या पोटात जातायत. आणि तुम्ही उघडी जखम घेऊन त्या शेणात चालत होतात." एकच इंजेक्शन उरलं होतं. त्यानं पाय वाचेल, अंगठ्याचं वचन ती देऊ शकत नव्हती. कंधारकरांनी सही केली. त्यांना भीती वाटत होती, आणि लाज त्याहून जास्त.

पाय वाचला. अंगठा गेला.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मंडळ बोलावण्याचं. खुर्चीत बसून, बँडेजचा पाय पाटावर ठेवून, त्यांनी काही हातचं न राखता सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणाले. गोळ्या बंद करा, त्या डॉक्टरला परत बोलवा, दूध प्यायचं थांबवा. सगळ्यांनी फार आदरानं ऐकून घेतलं.

"साहेब," हणमंतराव म्हणाले, "म्हणजे आपण इस्पितळात इंजेक्शन घेतलंत?"

"घेतलं. म्हणून तर इथे बसलोय."

हणमंतरावांनी खेदानं मान हलवली. इस्पितळात कसले कसले रोग लागतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि औषधानं माणसाची बुद्धी कशी पालटते तेही आता दिसत होतं. सहानुभूतीचा ठराव झाला. कंधारकरांच्या प्रकृतीकडे बघून अध्यक्षपद आदित्यकडे देण्यात आलं, टाळ्या वाजल्या, आणि बैठकीच्या रिवाजाप्रमाणे मल्लेशच्या किटलीतलं दूध पेल्यांत ओतलं गेलं.

मानसीचं पोट आता चांगलं दिसत होतं. पहिला पेला तिच्या हातात गेला.

"मानसी, ठेव तो खाली," कंधारकर म्हणाले.

"काका, तुम्ही किती सोसलंय, म्हणून तुम्हाला असं वाटतंय," ती आजारी माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाली. "तुम्हीच तर मला सुरू केलंत. आता बाळाला सवय झालीये."

ते ताडकन उठले. हात पुढे करून त्यांनी उजवं पाऊल टाकलं, पण अंगठ्यावाचून त्या पावलानं त्यांना धरलं नाही. तोल जाऊन ते टेबलाच्या कडेला आपटले आणि खाली बसले. मानसीनं पेला घाईघाईनं रिकामा केला, खाली ठेवला, आणि ओठ पुसत त्यांना उठवायला धावली.