सत्तेचाळीस नंबरचा डबा

“काका, हा मुडदा अजून तोंड उघडत नाहीये हो!”

कपाटामागे गुडघ्यांवर बसलेल्या इंजिनिअर बाईंनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर आदळला. तारकाका टॉर्च धरून शेजारी उभे होते. दुपारचे सव्वातीन झाले होते. पंचेचाळीस मिनिटं, फक्त पंचेचाळीस मिनिटं गप्प राहायचं होतं त्यांना.

तारकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कंपनीच्या या सर्व्हर रूममध्ये चोवीस वर्षं तारा ओढल्यावर खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन आग ओकत असलं तरी आत स्वेटर घालून बसायचं, आणि पंख्यांची घरघर इतकी की स्वतःशी बोलायचं तरी ओरडून.

आजवर या खोलीत दोन संसार वेगळे नांदत होते. ऑफिसच्या कॉम्प्युटरांचं जाळं निळ्या तारांचं आणि माहितीच्या साठ्याचं, म्हणजे स्टोरेजचं, नारिंगी तारांचं. दोघांच्या बोलण्याच्या रीती, म्हणजे प्रोटोकॉल, निराळे. एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळायचं नाही. नवे स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात त्या पेट्या, मात्र या सगळ्या रीती जाणत होते, त्यामुळे आता सगळ्यांना एकाच जाळ्यात बसवायचं होतं. सुटीचा दिवस धरून सकाळीच काम सुरू केलं, आणि एकेक यंत्र गुमान नव्या स्विचवर चढलं. राहिला तो माहिती साठवणारा कोपऱ्यातला जुना डबा.

याच डब्यानं काकांना डांबून ठेवलं होतं. बायको दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, अंथरुणाला खिळलेल्या आपल्या वडिलांचं करायची. अकरा वर्षं झाली. दरवर्षी काका बदलीचा अर्ज द्यायचे आणि दरवर्षी साहेब म्हणायचे, “अहो, तुम्ही गेलात तर त्या डब्याकडे बघणार कोण?” यंदा पहिल्यांदा साहेबांनी शब्द दिला होता. डबा नव्या जाळ्यात चालला तर ठेवायचा. चार वाजेपर्यंत नाही चालला तर कायमचा बंद. त्यातली माहिती दुसरीकडे उतरवून ठेवलीच होती. डबा गेला की काका मोकळे.

बायकोनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, “कपाटातला वरचा कप्पा रिकामा केलाय तुमच्यासाठी.”

आणि डबा का बोलत नाही, ते काकांना पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक स्विचला एक क्रमांक द्यावा लागतो. तो बदलला तरी बाकीची यंत्रं शोधत शोधत नीट पोचतात. हा डबा मात्र महा हट्टी. पहिल्या दिवशी जो क्रमांक पाहिला, त्याच्याशिवाय कुणाला ओळख म्हणून देणार नाही. तो क्रमांक जुन्या स्विचला काकांनी स्वतः दिला होता, सत्तेचाळीस. डब्याची ही खोड त्यांनी कुठंही लिहून ठेवली नव्हती. तेव्हा वाटलं होतं, आपल्याला माहीत आहे तेवढं पुरे. आपली किंमत राहील. राहिली की! चांगली अकरा वर्षं राहिली!

“तार बदलली, वेग कमी करून पाहिला, सगळं दोनदा पाहिलं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर त्या गारठ्यातही घाम होता. “माझंच कुठंतरी चुकलंय, काका. स्विच सगळ्यांशी बोलतील म्हणून मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच एकटीवर सोपवलं होतं मला.”

काकांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

“आता अहवालात लिहावं लागेल, आराखडा चुकला म्हणून.” बाईंनी वही ओढली आणि खरंच लिहायला घेतलं.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. लिहू दे की, त्यांनी मनाला बजावलं. तरुण आहे, सावरेल. आपण कुठं खोटं बोलतोय? पण टॉर्चचा उजेड त्या वहीवर पडला होता आणि वहीवर ‘माझी चूक’ एवढे दोन शब्द उमटले होते. काकांना स्वतःचा भयंकर राग आला.

“खोडा ते,” ते म्हणाले.

“काय?”

“खोडा म्हणतो ना! आराखडा बरोबर आहे तुमचा. स्विचला सत्तेचाळीस नंबर द्या.”

बाईंनी नंबर दिला, स्विच बंद करून पुन्हा सुरू केला. चार मिनिटं दोघं डब्याकडे बघत उभी राहिली. मग डब्याचा दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. बाईंनी चक्क काकांचा हात धरून दोनदा हलवला.

साहेब धावत आले. “वा, तारकाका! म्हणून तर तुम्हाला सोडवत नाही आम्हाला! आता हा आणखी पाच वर्षं कुठं जात नाही. बदलीचं पुढं बघू, काय?”

“बघू,” काका म्हणाले.

बाहेरच्या जिन्यात त्यांनी फोन लावला.

“झालं का?” बायकोनं विचारलं.

“झालं. डबा चालला.”

ती म्हणाली, “तुम्हीच चालवलात ना?”

“हो. त्याला सत्तेचाळीसच नंबर लागायचा.”

“आपला संसार मांडला त्या पहिल्या खोलीचा?”

“हो.”

“वेडे आहात तुम्ही,” ती म्हणाली. तिकडं वडिलांनी हाक मारली, तिनं “आले, आले” म्हटलं. मग हलकेच म्हणाली, “वरच्या कप्प्यात पांघरुणं ठेवते मग. रिकामा राहिला की धूळ बसते.”

“ठेव,” काका म्हणाले.

आत जाऊन त्यांनी स्वेटरची बटणं लावली, एक कोरी पट्टी घेतली, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘स्विचला सत्तेचाळीसच नंबर द्या’ असं लिहिलं, आणि कुणालाही वाचता येईल अशी ती डब्याच्या तोंडावर चिकटवली.