आबांचा जीवखडा

जीवखडा म्हणून स्मशानातला कुठलाही दगड चालतो. त्यानं मडकं फोडायचं, मग तोच दहा दिवस जपायचा, त्यावर तिळाचं पाणी सोडायचं आणि दहाव्याला नदीत टाकायचा. जगात दगडांना काय तोटा? पण आमच्या घराला नेमका माझाच दगड सापडला.

मी तापट आहे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "दीपमाला, तू मिरचीना वावरमां जन्मनी शे." खोटं नव्हतं ते.

मी पुण्याला भूशास्त्रात संशोधन करते. आमचं घर इकडे धानोऱ्याकडे, काळ्या कातळावर. हा कातळ लाव्ह्याचा. त्याच्याखाली पृथ्वीचं जुनं कवच कसं आहे, ते कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण शेजारच्या गावाच्या शिवारात भिंतीसारखी उभी एक लांबट टेकडी होती. वर घुसताना लाव्ह्यानं खालच्या कवचाचे तुकडे उपटून आणले होते, ते तिच्यात अडकलेले. बहुतेक पांढुरके, साधेच. एकच वेगळा सापडला, मुठीएवढा. चमचमत्या अभ्रकात मसुरीएवढे तांबडे गार्नेटचे दाणे. कधीकाळी तो निव्वळ चिखल होता, मग खोल गाडला जाऊन दाबानं नि उष्णतेनं असा झाला. तो कापून तपासला की किती खोलवरून आला ते कळणार होतं. माझा सगळा प्रबंध त्या एका दगडावर उभा होता.

तो काढायला आबा माझ्याबरोबर आले होते. छिन्नी मी धरली, घण त्यांनी मारला. येताना मोटारसायकलवर माझ्यामागे बसून त्यांनी तो उपरण्यात धरला होता.

"हाऊ गाळ व्हता?" त्यांनी विचारलं. "आपला तापीना गाळनामायक?"

"तसाच, आबा."

झालं! तेव्हापासून आल्या-गेल्याला दगड दाखवायचा हा त्यांचा धंदा. मी पुण्याला न्यायला निघाले तर म्हणाले, "चार दिन ऱ्हाऊ दे. आखाजीले तुन्ही आत्या यी ऱ्हायनी, तिले दखाडू दे." मी चिडचिड केली आणि ठेवला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच आबा गेले. वावरात पाणी भरताना पडले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर मला कसलं संशोधन नि कसलं काय. दारात त्यांची चप्पल दिसली तरी रडू फुटायचं. जीवखडा पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या निंबाला टांगला होता. माझा भाऊ नवनीत रोज फडक्यावरूनच त्याच्यावर पाणी सोडायचा. मी तिकडे बघायचंच टाळत होते.

दहाव्याला प्रकाशा गावाला गेलो. तापीच्या घाटावर गुरुजींनी फडकं सोडायला लावलं. ओल्या दगडावर तांबडे दाणे चमकले. मी पुढे होऊन नवनीतचं मनगट धरलं.

"हाऊ मन्हा दगड शे. कोनी दिन्हा तुले?"

त्यानं मायकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "ताई, विधी थांबवू नका." मी म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसा." भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. व्हायची ती होऊ दे, म्हटलं.

"मीच दिन्हा," मागून माय म्हणाली. माझी माय, गजराबाई, आयुष्यात कधी आवाज न चढवलेली. "तुन्हा आबा रोज सकाय उठीसन हाऊच दगड पुसेत. मसनमधला कोनता बी दगडमां त्यासना जीव कसा ऱ्हाई? तुन्हा शे म्हनीसनच दिन्हा." मग माझा चेहरा बघून ती घाबरली. "तुले दुसरा भेटी ना? आख्खी टेकडी शे तठे."

टेकडी नव्हती. गेल्या महिन्यात ती पुरी फोडून नव्या रस्त्याच्या खडीला गेली होती. मला ठाऊक होतं, नवनीतला होतं, आबांनाही होतं. मायला कुणी सांगितलं नव्हतं. घरातल्या बाईला कोण सांगतंय असलं काही?

"ताई..." नवनीत म्हणाला आणि दगड त्यानं माझ्या हातात दिला. घाटावर दुसरे दगड काय कमी होते? एक उचलायचा आणि द्यायचा. भाऊबंद चार दिवस बोलले असते. पण माय माझ्याकडे बघत होती. ह्याच दगडात तिनं दहा दिवस आबांना सांभाळलं होतं. आणि खरं सांगते, मलाही त्या घडीला आबाच हवे होते. प्रबंध गेला खड्ड्यात.

"भेटी, माय," मी म्हणाले आणि दगड नवनीतला परत दिला.

त्यानं तो तापीत टाकला. पाणी गढूळ होतं, लगेच दिसेनासा झाला. मी घाटाच्या पायरीवर बसून रडले. आबांसाठी रडले आणि दगडासाठीही.

परतताना गाडीत माय माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला.

"पुढला आठवडामां जाऊत आपन टेकडीवर. मी बी येसू. तुन्हा आबा नहीत ते काय व्हयनं? मी घण मारसू."

नवनीत गाडी चालवत होता. गाडी त्याच नव्या रस्त्यावरून चालली होती.

"जाऊत, माय," मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.