लूम थांबल्यावर

भाग्यश्रीने निवडलेला अ‍ॅम्प्लिफायर अंबडच्या कारखान्यात सगळ्यांनाच आवडला. कॅटलॉगमधला सगळ्यात वेगवान तोच होता. मालेगावच्या बद्रुद्दीनभाईंच्या लूमसाठी ती धाग्यांचा ताण सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवत होती, तिचा पहिलाच. हव्या त्या ताणाचा आकडा दिला की बोर्डावरचे छोटे कपॅसिटर तेवढा विद्युतभार साठवणार, अ‍ॅम्प्लिफायर त्याचं व्होल्टेज पुढे पाठवणार आणि ताण्याचे उभे धागे तितके ताठ राहणार. बोर्ड टिकला तर डिझाइनचं काम तिचं, नाहीतर पुन्हा तपासणीच्या टेबलावर, असं मालक समर्थ सरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

पण लूम म्हणजे जड लोखंड. त्याला हलायलाच वेळ लागतो, तिथे एवढा वेग कशाला? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

त्यात कारखान्यातल्या तपासणीची एक रीत. आकडे सतत चढते-उतरते द्यायचे, म्हणजे पडद्यावर देखणी लाट दिसते. गिऱ्हाईक आलं की सर तीच दाखवतात. आकडा एका जागी ठेवून बघावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मालेगावात भाग्यश्रीच्या देखत लूम सुरू झाला, कापड सुरेख उतरू लागलं. मग एक धागा तुटला. कारागिराने लूम थांबवून गाठ मारली, पुन्हा सुरू केला, आणि कापडावर आडवा पट्टा पडला.

"बेटा, चालतंय तवर झकास हाय," बद्रुद्दीनभाई म्हणाले. "थांबला का ताणा ढिला पडतो. असला माल कोन घेनार?"

लूम पुन्हा थांबवून भाग्यश्रीने बोर्डाला मीटर लावला. आकडा तोच, व्होल्टेज मात्र घसरत चाललेलं. तिचा वेगवान अ‍ॅम्प्लिफायरच कपॅसिटरमधला भार पीत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं! लूम चालताना आकडा सारखा बदलायचा, भार नव्याने भरला जायचा, म्हणून चोरी उघडी पडत नव्हती.

तिने तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, माझी निवड चुकली. अ‍ॅम्प्लिफायर संथ चालेल, पण भार न पिणारा हवा. आणि लूम थांबला तरी भार मधूनमधून भरत राहायचा."

"लाट बिघडेल ना गं."

"बिघडू दे, सर."

"कर. पण यापुढे संधी नाही."

नवा बोर्ड बसला, तेव्हा बद्रुद्दीनभाईंनी धागा स्वतःच्या हाताने तोडला, लूम थांबवला आणि चहा मागवला. भाग्यश्री थांबलेल्या लूमकडेच बघत राहिली. त्यांचा चहा झाला, वर निवांत पान झालं, तेव्हा कुठे लूम सुरू करायला सांगितलं. त्यांनी कापडावरून हात फिरवला, चष्मा लावून पुन्हा फिरवला. पट्टा नव्हता.

"बाकीच्या लूमना पन बसव," ते म्हणाले.

भाग्यश्रीला रडूच आलं. डोळे न पुसताच तिने सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तपासणीच्या टेबलाला आता दुसरं कुणीतरी शोधायला हवं," सर म्हणाले.